खैरूबीचं न पडलेलं स्वप्न

सन १९३८ च्या उन्हाळ्यात मरियम वारल्याचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याचा, सुलेमानचा, शहापूरहून मुरबाडला निरोप आला : धाकटी रुकय्या द्या. मरियमच्या बापाला, बाबामियांना, त्यात गैर काही वाटलं नाही. जावई गवताच्या वखारीचा मालक. थोरली तापानं गेली, धाकटी तिथंच नांदेल. निरोप ऐकून जिच्या हातातली ताटली खाली पडली ती शेजारची खैरूबी होती.

गावातल्या मुसलमान बायकांच्या मय्यतीला शेवटची आंघोळ, गुसल, खैरूबी घालायची. सासूनं हे काम तिच्याकडे सोपवताना एकच गोष्ट बजावली होती : मेलेल्याच्या अंगावर जे दिसेल ते तिथंच ठेवायचं, तोंडातून काढायचं नाही. तीस वर्षं तिनं ते पाळलं. कोणाच्या पाठीवर कोड होतं, कोणाच्या दंडावर डागलेलं होतं, गावाला कधी कळलं नाही. माहेरची म्हणून शहापूरला मरियमचं गुसलही तिनंच केलं. पाणी ओतायला मरियमची सासू होती. बोरीच्या पाल्याचं कोमट पाणी मानेवर पडलं आणि खैरूबीचा हात थांबला.

"लवकर उरका खाला, पाणी थंड होतंय," सासू म्हणाली आणि स्वतःच्या हातानं कफनाचा काठ हनुवटीपर्यंत ओढून घेतला. बापाला फक्त चेहरा दिसला.

आता रुकय्या जाणार होती, आणि खैरूबीच्या तोंडाला कुलूप होतं.

तिला एकच वाट सुचली. मय्यतीवर पाहिलेलं सांगता येत नाही, पण पडलेलं स्वप्न सांगता येतं. वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन, पाक अंगानं, उजव्या कुशीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पडलेलं स्वप्न खरं मानतात, आणि मेलेलं माणूस स्वप्नात खोटं बोलत नाही. सात रात्री ती वजूत झोपली. मरियम आली नाही. एकदा तेवढी स्वप्नात पलीकडच्या देवजीची म्हैस आली आणि तिची मेथी खाऊन गेली.

आठव्या दिवशी शुक्रवार होता. नमाज झाल्यावर तारीख ठरवायला बाबामिया आणि सुलेमान मुल्लाजींच्या पडवीत बसले. मध्ये ओढणी नि मिठाईची परात झाकून ठेवलेली. खैरूबी दाराशी येऊन बसली.

"मुल्लाजी, मरियम स्वप्नात आली."

मुल्लाजींनी हातातली तसबीहची माळ खाली ठेवली. स्वप्नाची ताबीर, म्हणजे अर्थ, सांगण्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणत, स्वप्न पाखराच्या पायाला बांधलेलं असतं. पहिली ताबीर निघाली की ते खाली पडतं आणि तसंच होतं.

"वजूत होतीस?"

"होती."

"वेळ?"

"पहाट." वजू तेवढा खरा होता. बाकी सगळं तिनं घरून रचून आणलं होतं. खोटं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना गाठ मारायला लावतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले. "पांढऱ्या कपड्यांत होती. गळ्यात काळी साखळी. काढायला बघते, निघत नाय."

"रडत होती?"

"डोळे गळत होते. आवाज नाय."

याहून स्पष्ट काय सांगायचं, असं तिला वाटलं. मुल्लाजींचा चेहरा मात्र उजळला. "अलहम्दुलिल्लाह. बिनआवाजाचं रडणं म्हणजे खुशी. गळ्यातली साखळी म्हणजे अमानत, जपायला दिलेली ठेव. बहिणीची अमानत बहिणीला मिळणार. बाबामिया, हा निकाह मुबारक आहे."

"घ्या!" सुलेमान हसला. "आमी उगाच तारखा बघत बसलो. हुकूम वरनं आला."

बाबामियांनी डोळे पुसले आणि परातीकडे हात नेला.

"हात नका लावू भाई," खैरूबी म्हणाली. "मला स्वप्न नाय पडलं. मी खोटं सांगितलं."

"तोबा कर!" मुल्लाजी ओरडले.

"करीन. आधी ऐका. साखळी नव्हती, बोटं होती. मरियमच्या गळ्यावर. एका बाजूला चार, एका बाजूला एक. तीन वेळा पाणी घातलं, नाय गेली."

बाबामियांचा हात परातीवर तसाच राहिला.

"मला ताप म्हणून सांगितलं," ते जावयाकडे न बघता म्हणाले. मग तिला, "त्या दिवशी का नाय बोललीस गो?"

"गुसलवालीनं बोलायचं नसतं."

"आता स्वप्नाचं खोटं निघालं, तर म्हणे डोळ्यांनी बघितलं," सुलेमान म्हणाला. "उद्या आणखी काय बघाल, खाला?"

बाबामियांनी परात दोन्ही हातांनी त्याच्यासमोर सरकवली. "घेऊन जा."

सुलेमाननं परात उचलली. दाराशी तो खैरूबीजवळ वाकला, घरच्या माणसासारखा. "खाला, तुमचंही वय झालं. तुमचं गुसल कोण करेल, विचार केलाय?"

मुल्लाजी परातीच्या जागेकडे बघत राहिले. आपली ताबीर त्यांनी मागे घेतली नाही.

रुकय्या माहेरीच राहिली. पण भात कापणीच्या सुमारास गावातल्या कासमची आई वारली, तेव्हा गुसलासाठी बाई कल्याणहून आणली. मय्यतीसाठी कापूर घेऊन जाणारी माणसं खैरूबीच्या दारावरून मान वळवून गेली. मेल्यावर हिच्या हाती पडलो तर हिच्या तोंडी पडू, एवढंच बायकांच्या ध्यानात राहिलं होतं. शहापूरच्या वखारीची एक गवताची गाडी मात्र आठवड्यातून दोनदा गल्लीत येऊ लागली. गल्लीत गवत घेणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी खैरूबीचा वजू करून डोळा लागला, आणि आता स्वप्न पडलं. गुसलाच्या फळीवर ती स्वतः पडली होती. कोणाचे तरी हात पाणी ओतत होते. सगळं अंग भिजलं, फक्त गळा कोरडा राहिला. गळ्यावर हात होते.

ती उठली, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकली आणि कूस बदलली. वाईट स्वप्न कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं की ते पाखराच्या पायावरून सुटतं.

रुकय्या पाण्याची कळशी घेऊन आत आली होती. "काय झालं खाला? काय बघितलंत?"

बाहेर गाडीचे घुंगरू वाजले आणि दाराशी येऊन थांबले.

"काय नाय गो," गळ्यावर पदर ओढत खैरूबी म्हणाली. "देवजीची म्हैस."