साक्षीदाराच्या पिंजऱ्याची साक्ष

मी एक जुना पिंजरा आहे. मित्रांनो, लगेच आत पोपट शोधू नका. मी न्यायालयातला साक्षीदाराचा पिंजरा आहे. तीन बाजूंनी कमरेएवढा कठडा, चौथ्या बाजूने चढायला एक पायरी, आणि आत एक माणूस उभा राहील एवढीच जागा. ज्या सुताराने मला घडवलं तो म्हणाला होता, "याला पाठ टेकायची सोय नको. टेकला की माणूस सैलावतो आणि गप्पा मारायला लागतो." तेव्हापासून मीही ताठच उभा आहे. आता मात्र फार दमलो आहे.

माझी उमेदीची वर्षं खऱ्या न्यायालयात गेली. माणसं शपथ घेऊन माझ्यात उभी राहायची आणि समोरचे वकील त्यांना प्रश्न विचारायचे. चांगल्या वकिलाचा प्रश्न एका दमात संपायचा. खोटं बोलणाऱ्याचे तळवे घामेजायचे, ते माझ्या कठड्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. न्यायाधीशसाहेब एकदा म्हणाले, "या खोलीतलं सगळ्यात कामाचं लाकूड हेच." त्या एका वाक्यावर मी बराच काळ काढला.

मग न्यायालयाची नवी इमारत झाली आणि मला एका विधी महाविद्यालयाला देऊन टाकलं. इथल्या सभागृहात विद्यार्थी लुटुपुटूचे खटले चालवून सराव करत. वाटलं, चला, म्हातारपणी पोरांत जीव रमेल. पण सराव हळूहळू मागे पडला आणि परिषदा वाढल्या. परिषद म्हणजे मागे फलक, पुढे पाहुणे, भाषणावर भाषण आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. 'कायद्याच्या शिक्षकांचा व्यावसायिक विकास' असा फलक लागायचा आणि ज्यांचा विकास व्हायचा ते शिक्षक मागच्या रांगांत डुलक्या काढायचे. प्रश्नोत्तरांची वेळ भाषणांनीच खाल्लेली असायची. मी पुष्पगुच्छ ठेवायची जागा झालो. पुढे पुढे तर कोणीही यावं आणि माझ्या कठड्याला छत्री अडकवून जावं, अशी गत झाली.

या महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वर्गात कोणी बिनबुडाचं बोललं की त्या "हरकत!" म्हणायच्या, म्हणून पोरांनी त्यांचं नाव हरकतबाई ठेवलं होतं. शिक्षकांच्या बैठकीत त्या दर वर्षी एकच प्रस्ताव मांडायच्या. परिषद नको, कार्यशाळा घ्या. पाहुणे नकोत, फलक नको. आपणच एकमेकांसमोर तास घेऊ, आणि कुठे जमलं, कुठे फसलं ते एकमेकांना तोंडावर सांगू. प्राचार्य मान डोलवायचे. पण दर वर्षी त्या प्रस्तावाची शेवटी परिषदच व्हायची.

यंदाची बैठक सभागृहात भरली, कारण शिक्षकांच्या खोलीला रंग लावत होते. सत्र संपलं की बाई निवृत्त होणार होत्या. त्यांनी शेवटचा म्हणून पुन्हा तोच प्रस्ताव मांडला.

"अहो बाई, तुम्ही तर आता निघालात. कशाला डोक्याला ताप?" प्राचार्य म्हणाले. "आणि शिक्षकांना शिकवणार तरी कोण?"

बाई उठल्या. माझ्यावरच्या छत्र्या त्यांनी काढून खाली ठेवल्या आणि आत येऊन उभ्या राहिल्या.

"मी साक्षीदार. करा माझी उलटतपासणी. मी चुकते आहे असं माझ्याच तोंडून वदवून घेतलंत, तर प्रस्ताव मागे घेते."

सगळे हसले. करारांचा कायदा शिकवणारे सर हौसेने उठले. "माझा प्रश्न असा आहे की..." म्हणत त्यांनी जे पाल्हाळ लावलं, त्यात प्रश्न काही येईना.

"सर, उत्तर कशाचं देऊ?" बाईंनी विचारलं.

सर जरा आठवून बघून खाली बसले. मग दुसऱ्या सरांनी आपलं मत मांडलं. तिसऱ्या एका शिक्षिकेने आपला अनुभव सांगितला. मित्रांनो, ही सगळी मंडळी कायदा शिकवणारी, त्यातले काही तर उलटतपासणीच शिकवणारे. पण साधा प्रश्न एकालाही विचारता येईना. मला हसू नाही आलं, कसंसंच झालं. माणसं हुशार होती. फक्त आपलं कुठे फसतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी प्राचार्य वैतागले. "बाई, तुम्हाला शिकवता येतं ना? मग हा हट्ट कशाला?"

इतक्या वेळात तो पहिला खरा प्रश्न होता. बाईंनी दोन्ही हातांनी माझा कठडा धरला. त्यांचे तळवे कोरडे होते.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गाचं दार लागलं की आत काय चालतं, ते तुमच्यापैकी एकानेही बघितलेलं नाही. पोरं भीतीपोटी चांगलंच म्हणणार. मी चांगली शिक्षिका आहे की नुसतीच जुनी आहे, हे न कळताच मी घरी जाणार."

"पुढच्या वर्षी बघू," म्हणून प्राचार्यांनी वेळ मारून नेली. पायरी उतरताना बाईंचा पाय जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी रंगारी वर्गखोल्यांकडे वळले, म्हणून बाईंचा तास सभागृहात होता. तास सुरू झाला आणि प्राचार्य मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसले. बाईंचा खडू जरा थबकला, मग त्या शिकवू लागल्या. प्राचार्य पूर्ण तास बसले. फोनलाही हात लावला नाही.

पोरं गेल्यावर दोघं माझ्याजवळ उभी राहिली.

"सांगू?" प्राचार्यांनी विचारलं.

"सांगा की. त्यासाठीच तर इतकी वर्षं तुमचं डोकं खाल्लं."

"विषय तुम्ही सुरेख उलगडता. पण प्रश्न विचारता आणि थांबत नाही. उत्तर स्वतःच देऊन टाकता. माझ्या शेजारची मुलगी दर वेळी तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची."

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "अहो, हे तर एका दिवसात सुधारलं असतं हो."

प्राचार्यांनी मान खाली घातली. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "उद्या माझ्या तासाला बसाल का?"

मित्रांनो, कार्यशाळा मंजूर झाली, पण तिची तारीख बाई निवृत्त झाल्यानंतरची आहे. आता सभागृहही नवं करणार आहेत. तेव्हा मला ठेवतात की भंगारात काढतात, ते मला ठाऊक नाही, आणि आता त्याची फार काळजीही वाटत नाही. मला वाईट वाटतं ते उत्तर ओठांवर घेऊन त्या वर्गातून मुकाट बाहेर पडलेल्या पोरांचं, आणि त्यांना जीव तोडून शिकवणाऱ्या बाईंचं. आम्हा लाकडांना पुसलंत, पॉलिश केलंत तर बरंच आहे. पण माणसांचीही तेवढी निगा राखा. कोणी विश्वासाने तुम्हाला आपलं काम बघायला बोलावलं, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. जा, शेवटपर्यंत बसा, आणि खरं काय ते वेळेत सांगा.