गडी मेला

हे लिहायचं का नाही, याच्यातच गहिनीनाथच्या हातातला खडू अर्धा झिजून गेला. खरं सांगायचं तर त्यानं लिहिलंच नसतं. टँकरची वेळ लिहून, फडकं झटकून तो घरी निघालाच होता. पण पाठीमागं पारावर बसलेले बबनराव म्हणाले,

"लिव की. हात झडला का?"

"काय लिवू?"

"झालंय ते लिव."

एसटी थांब्यापाशी भिंतीला ठोकलेला हा फळा गहिनीनाथचाच. शाळेनं टाकून दिलेला त्यानं उचलून आणला होता. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, पण रोज सकाळी तो लिहायचा. टँकर कधी येणार, छावणीत चारा आला का, कुणाच्या घरी पाळणा हलला. आणि कबड्डीचा संघ बाहेरगावी गेलेला असला, की मैदानावरून पोरं फोन करतील तसं, त्यांच्याच बोलीत: 'मुंजाजीनं दोघं मारले. नामा मेला. मुंजाजी मेला. मुंजाजी परत जिता.' बाद झालेला गडी मेला आणि परत आत आलेला जिता, हे गावात शेंबड्या पोरालाही कळायचं. मॅच असली की थांब्यावर गर्दी व्हायची, बाया पदर तोंडाला लावून एकमेकींना विचारायच्या, मेला का जिता?

आज तोच मुंजाजी पेपरात होता. नदीपल्याडच्या कारखान्याच्या संघात, पिवळा बनियन घालून, गळ्यात हार.

पल्याडचा आणि अल्याडचा कारखाना एकाच कारखान्यातून निघालेले. संचालकांचं फाटलं, तशी गावंही फाटली. सोयरिकी थांबल्या. उरली ती जत्रेतली कबड्डी. डोकी फुटल्याशिवाय ती संपत नसे. गेली काही वर्षं मुंजाजी त्यांच्या अंगणात शिरून त्यांची माणसं मारून येत होता. त्यानं मांडीवर मारलेली थाप पारापर्यंत ऐकू यायची, असं म्हातारे सांगत, आणि ते खोटं आहे हे माहीत असून सगळे मान डोलवत.

यंदा पाऊस नाही, ऊस नाही. अल्याडच्या कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. वजनकाट्यावर शेरडं बसायला लागली. पल्याड धरणाच्या बाजूला थोडं पाणी होतं, त्यांचं कसंबसं चाललं होतं. त्यांनी मुंजाजीला बोलावलं आणि तो गेला. कुणाला न सांगता गेला. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या गहिनीनाथलाही नाही.

गाव पेटून उठेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चौकातला मुंजाजीचा फ्लेक्स कुणीतरी उतरवून छावणीत वासरांवर सावलीला बांधला. शिव्यासुद्धा कुणी दिल्या नाहीत. शिवी द्यायला जोर लागतो. फरक पडला तो एवढाच, की टँकरच्या ओळीत त्याच्या आईचा, साखराबाईचा, हंडा मागं सरकायला लागला. कुणी ढकलला म्हणावं तर कुणीच नाही. पहाटे आठव्या-दहाव्या जागी ठेवलेला हंडा टँकर येईपर्यंत शेवटाला गेलेला असायचा, आणि शेवटाला टाकीत गाळ उरायचा. गहिनीनाथनं हे बघितलं होतं. बघितलं की तो टँकरच्या पाईपाकडं बघत बसायचा.

त्यानं खडू टेकवला. टँकरच्या खाली ठळक लिहिलं: मुंजाजी मेला.

बबनरावांनी डोळे बारीक करून वाचलं. संघ त्यांनीच उभा केलेला, मुंजाजीला दम धरायला त्यांनीच शिकवलेलं.

"बरोबर," ते म्हणाले आणि तंबाखू चोळायला लागले. "गडी मेला."

त्याच वेळी कडा गावाकडं जाणारी एसटी थांब्यावर आली, माणसं उतरली-चढली आणि ती निघून गेली.

*

दुपारी वेशीकडून बायांनी काढलेला गळा ऐकू आला. असा गळा ऐकला की गाव न विचारता उठतं. एक टेम्पो आला होता. मागं साखराबाईच्या माहेरची माणसं. बाया टेम्पोतूनच रडत आल्या होत्या, पुढं मुंजाजीचा मामा सुग्रीव, डोक्याला उपरणं गुंडाळलेला.

"काय झालं, वो?"

"आमचा मुंजाजी गेला की!"

बस्स, एवढंच. कसा, कधी, कुठं, हे कुणी विचारलं नाही. पल्याड गेलतं पोरगं, तिकडंच काहीतरी झालं असणार. बघता बघता साखराबाईचं अंगण भरलं. ती स्वतः छावणीत गाईपाशी होती. तिला आणायला माणूस पळाला.

बायनाबाई सगळ्यात आधी आली. टँकरला तिचा हंडा पहिला असायचा. सुग्रीवच्या बायकोच्या गळ्यात पडून ती जे रडली, ते बघून बाकीच्यांनाही आवरेना.

"आरं माज्या वाघा! गावाची शान गेली गं! कसा जायचा पल्याडच्यांच्या अंगावर, नुसता वाऱ्यावानी!"

"तवा धा जनांनी धरला तरी वढीत आला हुता की गं रेघंला!"

"आता कुणाला बघायला जायचं गं जत्रंला!"

मयताच्या घरी चूल पेटत नाही. घराघरातून भाकऱ्या आल्या, ठेचा आला. आणि पाणीही आलं. भरलेल्या हंड्यांची ओळ साखराबाईच्या भिंतीला लागली. एवढं पाणी त्या घरानं उन्हाळा लागल्यापासून बघितलं नव्हतं. बबनराव आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले,

"माझा गडी हुता त्यो."

साखराबाई आली. तिच्या हाताला शेण होतं. दारातली गर्दी बघून ती थांबली, भावाच्या डोक्यावरचं उपरणं बघितलं आणि उंबऱ्यावर बसली. रडली नाही.

"कवा?" तिनं विचारलं.

कुणालाच सांगता येईना. सुग्रीव म्हणाला, "सकाळीच कळलं, आक्का."

गहिनीनाथ गर्दीच्या कडेला उभा होता. मग काहीतरी खटकलं आणि तो पुढं सरकला.

"मामा, तुमाला सांगितलं कुणी?"

"आमचा पांडबा बसमधून गेला सकाळी. त्यानं वाचलं, तसाच फोन केला." सुग्रीवनं नाक पुसलं. "तुमच्याच गावानं लिवलंय की फळ्यावर. ठळक."

फळा सगळ्या गावानं वाचला होता. आपण वाचलं ते आणि हे रडणं एकच, असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फळ्यावरचं मरण वेगळं, हे वेगळं.

त्यानं खिशातून फोन काढला. मुंजाजी पल्याड गेल्यापासून त्यानं हा नंबर लावला नव्हता. घंटी गेली. परत गेली.

"बोल," पलीकडून आवाज आला. मागं शिट्टी वाजत होती, पोरं ओरडत होती. सराव चालला असावा. "गहिन्या? बोल की बे."

गहिनीनाथ उंबऱ्यापाशी वाकला आणि फोन साखराबाईच्या कानाला लावला.

"कोन? आई हाय का? काय गं?"

साखराबाईनं शेणाचा हात लुगड्याला पुसला, फोन नीट धरला.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"जेवलो की. कावून?"

"काय न्हाई. ठेव."

गहिनीनाथनं फोन परत घेतला. आता बोलणं त्यालाच भाग होतं.

"जिता हाय तो," तो म्हणाला. "मी... मी ते कबड्डीतलं लिवलं हुतं."

सुग्रीव उठला. त्यानं एक थोबाडीत ठेवून दिली. आवाज मोठा झाला, पण गहिनीनाथला लागल्यासारखं वाटलं नाही.

"पूस जा ते आधी," सुग्रीव म्हणाला आणि मग स्वतःच खाली बसून ढसाढसा रडला. त्याच्यासंगं टेम्पोतून आलेल्या बाया हसायला लागल्या, एकमेकींना चापट्या मारून, डोळे पुसत.

गावच्या बाया मात्र हसल्या नाहीत. बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पदर खोचला. थोडा वेळ उभी राहिली, जसं काही कुणीतरी दुसरं आधी उठेल म्हणून वाट बघत होती. मग भिंतीपाशी गेली, आपला हंडा ओळखून काढला आणि कडेवर घेतला. थोडं पाणी हिंदकळून सांडलं. त्या ओल्या ठिपक्याकडं सगळ्यांनी बघितलं.

तिच्यामागं दुसरी गेली. मग तिसरी. मयताच्या घरी नेलेली भाकरी परत घरात आणायची नसते, म्हणून भाकऱ्या तिथंच राहिल्या. पाण्याला तसा काही रिवाज नव्हता.

बबनरावांनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

"जितं हाय, ते बरं झालं," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. मग दोन पावलं जाऊन थांबले. "पन जितं हाय म्हंजे अजून तिकडंच हाय की."

साखराबाई उंबऱ्यावर बसून रिकाम्या होत गेलेल्या भिंतीकडं बघत राहिली. एकही हंडा तिनं धरून ठेवला नाही. शेवटी ती उठली आणि भावाकडच्या माणसांना म्हणाली, "भाकरी खाऊन जावा. लई हायेत."

गहिनीनाथ फळ्याकडं गेला. फडकं ओलं करायला पाणी नव्हतं. तो थुंकीनं पुसत बसला.

*

उन्हं कलल्यावर मुंजाजीचा फोन आला. "नदीत ये."

नदी म्हणजे नुसती वाळू. मधोमध एका खडकाला टेकून मुंजाजी उभा होता, पल्याडच्या काठावर कुणाची तरी मोटारसायकल. अंगात साधा सदरा होता, पिवळं काही नव्हतं. गावाच्या काठाला तो आला नाही, आणि गहिनीनाथनंही चल म्हटलं नाही.

"मेलो म्हनं मी."

"माझ्यामुळं झालं बे. मी..."

"कळलं. मामानं सांगितलं." मुंजाजी वाळूत बसला. पायानं रेघ ओढत राहिला. मग हळूच विचारलं, "कोन कोन रडलं?"

गहिनीनाथनं त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

"बायनाबाई. लई रडली. वाघ म्हनली तुला."

"बायनाबाई?"

"आन तुझी ती मॅच काढली. धा जनांनी धरल्याली."

"धा नव्हते. पाच हुते." मुंजाजीचं तोंड किंचित हललं. "आन बबनराव?"

"टोपी काढून बसले. म्हनले, माझा गडी हुता."

मुंजाजी गावाच्या काठाकडं बघत राहिला.

"मग?"

"मग कळलं जिता हाय म्हनून."

"मग?"

"उठले."

पल्याडच्या काठावरून कुणीतरी शीळ घातली. मुंजाजीनं हात वर करून थांब म्हणून सांगितलं.

"आन तू? लिवताना काय वाटलं?"

गहिनीनाथनं आठवून बघितलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"काहीच न्हाई वाटलं. खरं सांगतो. तू मला सांगून गेला असतास, तर काहीतरी वाटलं असतं."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"न्हाई."

"म्हनून."

दोघंही वाळूकडं बघत बसले. भांडायला बसल्यासारखे दिसत होते, पण भांडण कुठून सुरू करायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

"आईला घेऊन जा की तिकडं," शेवटी गहिनीनाथ म्हणाला. "पानी तरी हाय."

"म्हनलो नसंल का? म्हनती, मी पल्याडचं पानी पिनार न्हाई." मुंजाजी हसला, आणि हसू मध्येच थांबलं. "समद्या गावात तीच एक खरी अल्याडची. आन तिचाच हंडा शेवटाला."

गहिनीनाथनं मान वर केली. हे त्याला माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

"तिनं सांगितलं?"

"ती काय सांगती? गाळाचं पानी पिऊन पोट धरून बसली हुती गेल्या हप्त्यात. दवाखान्यातून फोन आलता." मुंजाजीनं वाळूतली रेघ पायानं मोडली. "मला काय म्हनायचं ते म्हना. मेला म्हना, काय बी लिवा. मला त्याचं काय न्हाई. फकस्त टँकर आला की तू तिच्याजवळ उभा रहा."

"बायनाबाई बघंल."

"समदेच बघतील. म्हनून तर तुला सांगायलोय."

गहिनीनाथनं गावाकडं बघितलं. इथून सगळी घरं एका रंगाची दिसत होती. उद्या टँकरपाशी सगळे असणार. बबनरावही असतात, पारावरून ओळ बघत. कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. नुसतं हळूहळू त्याचाही हंडा मागं सरकायला लागेल, आणि घरी आई विचारेल, आपलं पाणी गढूळ का यायलंय.

मुंजाजी उठला होता. पँटीची वाळू झटकत, गहिनीनाथकडं न बघता, उत्तरासाठी थांबला होता.

"तिच्या हंड्याला हात लावून उभा ऱ्हाईन," गहिनीनाथ म्हणाला. "उद्यापसून. शब्द देतो बे तुला."