चरबीच्या डब्याने ऐकलेला प्रश्न

मी एक जुना, पोटाला पोचा आलेला पत्र्याचा डबा आहे. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात, मीनाक्षी नावाच्या बाईंच्या शेगडीशेजारी माझा मुक्काम असतो. जन्माने मी कॉफीचा. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर लाल रंग आणि सोनेरी अक्षरं होती. आता नुसता गंज उरलाय, पण ताठा काही गेलेला नाही. कारण मित्रांनो, मी लढाई केली आहे, आणि तीही याच स्वयंपाकघरातून.

दुसरं महायुद्ध चालू होतं. तेव्हा हे घर हेलन नावाच्या बाईचं होतं. तिचा मोठा मुलगा वॉल्टर युरोपात लढत होता. घरी ती आणि धाकटी रूथ, दोघीच. साखरेला कूपन, मांसाला कूपन, बुटांनासुद्धा कूपन. त्यातच सरकारने बायकांना सांगितलं, तळणातून उरलेली चरबी फेकू नका, तिच्यापासून स्फोटकं बनतात. झालं, माझ्यातली कॉफी संपली आणि मला चुलीशेजारी बढती मिळाली. डुकराचं मांस तळलं की उरलेली गरम चरबी हेलन गाळून माझ्यात ओतायची. मी भरलो की रूथ मला छातीशी धरून खाटकाकडे पोचवायची, आणि तिथून ती चरबी कारखान्यात जायची.

"आई, हे कुठे जातं?" रूथने एकदा विचारलं.

"वॉल्टरकडे," हेलन म्हणाली.

तेवढ्यावरून त्या पोरीने ध्यासच घेतला. डबा लवकर भरला की भाऊ लवकर येणार, हे तिने मनाशी पक्कं केलं. शेजारणींच्या दारोदार जाऊन ती चरबी मागायची. एकदा बर्फावरून घसरून पडली. गुडघा फुटला, पण मला तिने सांडू दिलं नाही. पोटावरचा पोचा तेव्हाचा. त्या दिवशी खाटीक सगळ्यांसमोर म्हणाला, "शाबास. तुझ्या डब्याने शत्रूचं एखादं घर तरी उडवलंच असेल."

रूथने विचारलं, "त्या घरात कोण होतं?"

खाटकाने सुरी पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पुढे थोड्याच दिवसांत वॉल्टर गेल्याची बातमी आली. मुलगा लढाईवर असल्याची खूण म्हणून खिडकीत निळी चांदणी लावलेली होती. तिच्या जागी सोनेरी चांदणी आली. वॉल्टरचा देह मात्र आला नाही. मी तेव्हा अर्धा भरलेला होतो. हेलनने मला परसात नेलं, खड्डा खणला, चरबी त्यात ओतली आणि वर माती लोटली. मग मला घासूनपुसून तिने तळघरात ठेवलं.

त्या अंधारात मी म्हातारा झालो. रिकामा डबा जास्त वाजतो म्हणतात ना, तसा माझ्या पोटात तो एकच प्रश्न वाजत राहायचा. त्या घरात कोण होतं? डोळ्यांपुढे एक परकं स्वयंपाकघर यायचं. फळीवर माझ्यासारखेच डबे, चुलीशी एक बाई, मांडीवर पोर. मग मोठा आवाज, आणि पुढे काहीच नाही. मला फार भीती वाटायची, मित्रांनो. अजून वाटते.

माणसं बदलली, घर विकलं गेलं. मीनाक्षीला मी तळघरात सापडलो. "अगं, फेकून दे यार," तिचा नवरा विनय म्हणाला. पण ती पुण्याची. चांगला डबा फेकणं तिच्या जिवावर आलं. दिवाळीत तिने चकल्या तळल्या आणि उरलेलं तेल गाळून माझ्यात ओतलं. तो ऊन स्पर्श झाला आणि पुन्हा लढाई लागली, असंच मला वाटलं. या वेळी कुणाचा मुलगा? कुणाचं घर?

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी फराळाला आली. काठी टेकत ती स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली. तिचं बोट नेमकं माझ्या पोच्यावर गेलं. ती रूथ होती.

तिने सगळं सांगितलं. मीनाक्षीचं घर पक्कं शाकाहारी. डुकराच्या चरबीचं ऐकून तिचा चेहरा कसनुसा झाला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तेलाकडे.

"आणि हे? हे तेल कुठे जातं?" रूथने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"आई, शी'ज क्रायिंग," मीनाक्षीची मुलगी अनिका हळूच म्हणाली.

मीनाक्षीने रूथचा हात हातात घेतला आणि तिला इंग्रजीत सांगितलं, "कुठेच जात नाही. इथे दारातच राहतं, पणत्यांना." मग अनिकाकडे वळून म्हणाली, "आजींना चेअर दे. आणि पणत्या इकडेच आण."

जिथे चांदणी असायची त्या खिडकीत रूथने वॉल्टरसाठी पणती लावली. मग तिने दुसरी मागितली.

"हू'ज दॅट वन फॉर?" अनिकाने विचारलं.

"त्या घरात कोण होतं, ते मला कुणी सांगितलंच नाही," रूथ म्हणाली. "ही त्यांच्यासाठी."

माझं तेल त्या दोन्ही पणत्यांत सारखंच जळलं. मित्रांनो, मी साधा डबा, ओताल ते पोटात घेतो. म्हणून एक मागणं आहे. असा एखादा डबा कुणी तुमच्या हाती दिला, तर तो कुठे जाणार हे तर विचाराच, आणि तिथे कोण राहतं हेही विचारा.