हिरवळ मेलेली नाही

न्यूझीलंडमध्ये पापाकुऱ्याला मुलाकडे राहायला आल्यापासून सुलभाताईंना रोज एकच औषध मिळत होतं, आराम. "आई, तू आराम कर," असं शार्दूल म्हणायचा. सून प्रणिताही तेच म्हणायची आणि तेसुद्धा पोळ्या लाटता लाटता, म्हणजे लाटणं मागायची सोयच नाही. नवरा गेलेल्या बाईने नुसतं बसून राहायचं असतं, हे या लोकांना कुणी शिकवलं होतं देव जाणे.

म्हणून त्यांनी घरामागचं लॉन ताब्यात घेतलं. परवानगी वगैरे मागितली नाही. इथले ऋतू उलटे, म्हणून एप्रिलमध्ये थंडीची चाहूल लागल्यावर रायग्रासचं बी पेरलं. पिशवीवरच्या सूचना नात सिद्धीने वाचून दाखवल्या. मोठं तऱ्हेवाईक गवत, थंडीत खूश आणि उन्हात रुसणारं. हिवाळ्यात दव गोठलं की त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, नाहीतर पाती मोडून काळी पडतात. वसंतात खत घालायचं. उन्हाळ्यात मोअरचं पातं वर घेऊन गवत उंच ठेवायचं, म्हणजे मुळांवर सावली राहते. सुलभाताईंनी सगळं पाळलं. पाणी मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने घातलं. पुण्यात तुळशीला घालायच्या तसं, रोज अंघोळ झाल्यावर, थोडंसंच, पण न चुकता.

२०१३च्या फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, पावसाने पाठ फिरवली आणि लॉन पार पिवळं पडलं. शेजाऱ्यांचंही पडलं होतं, पण यांचं जास्तच.

शार्दूलने बुटाच्या टोकाने ते टोकरून पाहिलं. "मेलंय हे. मी आर्टिफिशियल टर्फ टाकून घेतो. वर्षभर हिरवं, नो मेन्टेनन्स. तुलाही आराम."

पुन्हा तोच शब्द. सुलभाताईंच्या डोक्यात तिडीक गेली.

तो आत गेल्यावर त्यांनी खुरप्याने एक ढेकूळ उकरलं. मुळं जेमतेम बोटाच्या पेराएवढी होती. रोज वरच्यावर घोटभर पाणी मिळत असताना ती खाली जातील तरी कशाला? चूक आपलीच, हे कळलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. पण वाळलेली पाती सोलून पाहिली, तर बुडखा पांढराशुभ्र आणि ओलसर होता. गवत जिवंत होतं.

शनिवारी टर्फच्या गुंडाळ्या घेऊन कॉन्ट्रॅक्टर आला, तेव्हा सुलभाताई लॉनच्या मधोमध खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या होत्या.

"किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला.

"किया ओरा. नॉट डेड. गो होम."

शार्दूल धावत बाहेर आला. "आई, हे काय चाललंय? लोक बघतायत."

"बघू देत. पाणी मी चुकीचं घातलं, आता दुरुस्तही मीच करणार."

"अगं, पण कशाला एवढा त्रास? तू आपली..."

"आराम कर म्हणालास तर बघ." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुझे बाबा गेल्यापासून जो तो मला हेच सांगतोय. आराम म्हणजे काय रे, मरायची वाट बघत बसणं? मला नाही बसायचं. मी जिवंत आहे."

खिडकीतून सिद्धी म्हणाली, "डॅड, आजीज नॉट मूव्हिंग."

कॉन्ट्रॅक्टरने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा शार्दूलकडे पाहिलं, "स्वीट ॲज", म्हणजे चालतंय की, असं म्हणाला आणि व्हॅन वळवून निघून गेला.

त्यानंतर सुलभाताईंनी आठवड्यातून एकदाच, पण जमीन खोलवर भिजेपर्यंत पाणी घातलं. एप्रिलमध्ये माती खरवडून विरळ जागी पुन्हा बी पेरलं. मे महिन्यात लॉन हिरवंगार झालं. तोवर पोळ्याही त्याच लाटायला लागल्या होत्या. लाटणं त्यांनी मागितलं नव्हतं, सरळ उचललं होतं. प्रणिता दोन दिवस नुसत्या भातावर राहिली आणि तिसऱ्या दिवशी गरम पोळी मागून घेऊन जेवली.

जुलैतल्या एका सकाळी सगळं पांढरं गोठलं होतं. शार्दूलला उशीर झाला होता. मागच्या फाटकातून स्टेशन जवळ आणि लॉनवरून तिरकं गेलं की आणखी जवळ. त्याने गवतावर टाकायला पाऊल उचललं, तोच स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक झाली. आत सुलभाताई लाटणं हातात घेऊन उभ्या होत्या.

शार्दूलने पाऊल मागे घेतलं आणि कडेकडेने, सबंध लॉनला वळसा घालून तो फाटकाकडे पळाला.

त्याची ट्रेन चुकली. सुलभाताईंना जराही वाईट वाटलं नाही.