बिनमिठाचं पातेलं

धाकटीला जाऊन दहा दिवस झाले होते, पण थोरलीच्या मनातला हेवा काही तिच्याबरोबर गेला नव्हता. दुःख होतंच. एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेल्या जावा त्या; दुःख कसं नसेल? पण दुःखाची विचारपूस करायला माणसं येत होती, त्याला चहा मिळत होता. हेव्याला कोण विचारतो? तो आपला आत मुकाट बसून होता.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, तरी दारातून आणखी येतच होती. आपला नवरा गेला तेव्हा यातली निम्मीही आली नव्हती, हे थोरलीने बसता बसता हेरलं. समोरच्या टेबलावर धाकटीचा फोटो होता. मांडीवर एक तीन पायांचं काळं कुत्रं आणि तोंडभर हसू. घरातल्या एकाही फोटोत ती जावेशेजारी बसून अशी हसलेली नव्हती.

सगळी वस्ती धाकटीला भूभूमावशी म्हणायची, आणि बोलायला उठलेल्या प्रत्येकाजवळ तिची एकेक गोष्ट होती. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं, एका ताप आलेल्या मांजरासाठी मावशींनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने सांगितलं, मावशी रस्त्याने निघाल्या की मागे कुत्र्यांची रांग आणि त्यांच्यामागे पोरांची. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं थोरली मनात म्हणाली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. पण म्हणून झालं ते झालंच. मग खाटीक उठला आणि डोळे पुसत म्हणाला, "मावशींच्या हाताला चव होती हो. जनावरं भांडं घासून ठेवल्यासारखं चाटायची."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाताला चव! कुणाच्या हाताला?

पंधरा वर्षं रोज पहाटे पाचला उठून ते मोठं पातेलं ती चढवत होती. खाटकाकडून आलेल्या कोंबडीच्या माना आणि पाय, तांदूळ, गाजराचे तुकडे. मीठ नाही, कांदा नाही. जनावरांना ते सोसत नाही. शिजलं की हाडं वेचायची, एकूण एक, कारण शिजलेल्या हाडाच्या चावताना कपच्या निघतात आणि कुत्र्याच्या घशात रुततात. गरम गरम वेचून बोटं हुळहुळायची. मग परातीत पसरून निववायचं. सहा वाजता धाकटी केस विंचरून यायची, "झालं का हो ताई?" म्हणायची, बादली उचलायची आणि चालू लागायची. परतायची ती अंगभर पंजांचे ठसे आणि वस्तीभरचे आशीर्वाद घेऊन. निव्वळ आयत्या बिळावर नागोबा.

आता, थोरलीने स्वतः कधी बादली का नेली नाही, असं कुणी विचारेल. लहानपणी कुत्र्याने तिची पोटरी फोडली होती, त्याची खूण अजून होती. गल्लीच्या टोकाला कुत्रं दिसलं तरी ती रस्ता बदलायची. पण ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती.

भाषणं संपली आणि कामाची गोष्ट निघाली. चौदा कुत्री, नऊ मांजरं. दहा दिवस लोकांनी जागोजागी पाव टाकून पाहिला होता. जनावरं फिरकेनात, कचऱ्याचे डबे मात्र उलटू लागले. औषधवाल्याने गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्याशी बोलून ठेवलं होतं. मंगळवारी गाडी येऊन सगळ्यांना घेऊन जाणार होती. लोक हळहळले, पण माना सगळ्यांनी हलवल्या.

कुत्र्यांची थोरलीला माया नव्हती. पण पातेलं कायमचं बंद झालं तर पहाटे पाचला उठून करायचं काय? नवरा नाही, मूलबाळ नाही. तिच्या हातचं असं हे एकच काम होतं, ज्याची रोज सकाळी कुणीतरी वाट बघत होतं. तेही गेलं तर आपण कोण, हे तिला उमजेना. ती उठून उभी राहिली.

"ते सगळं मी शिजवत होते," ती म्हणाली. "पुढेही मीच शिजवीन, आणि मीच घालीन."

औषधवाला माणूस भला, त्यामुळे तो अगदी समजुतीने बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं. "काकू, शिजवाल हो तुम्ही. पण ती फक्त मावशींच्या हाकेला येतात. आम्ही सगळं करून बघितलं."

उद्या सकाळी येऊन बघा, असं थोरलीने त्याला ऐकवलं. जनावरं आली तर निवाऱ्याला फोन करून गाडी नको म्हणून सांगतो, असं त्यानेही कबूल केलं.

सोमवारी पहाटे तिने पातेलं चढवलं, हाडं वेचली, बादली भरली. मग तिला एक युक्ती सुचली. कुत्र्याला कुठे तोंड बघायचं असतं, त्याला वास लागतो. तिने खुंटीवरचा धाकटीचा हिरवा स्वेटर काढून अंगात घातला. बटणं काही लागेनात. मेली त्यातही सडपातळ! धाकटे दीर ओट्यावर बसले होते. बायकोचा स्वेटर वहिनीच्या अंगावर बघून ते क्षणभर थबकले, मग म्हणाले, "डावी बाही उसवलीय, वहिनी, सांभाळून." आणि दुसरीकडे बघू लागले.

लाकडाच्या वखारीमागे फळ्यांच्या थप्पीला लागून धाकटीने वाडगे मांडून ठेवलेले होते. थोरली तिथे पोहोचली तेव्हा औषधवाला कोपऱ्यावर हजर होता. थप्पीखालून डोळे चमकत होते, पण बाहेर कुणी येईना. तिने यू यू केलं. पळीने बादली वाजवली. धाकटीसारखा पातळ आवाज काढून पाहिला, तर तो बकरीसारखा निघाला. शेवटी ते तीन पायांचं काळं लंगडत आलं, त्याने स्वेटर हुंगला, थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे सरकत गुरगुरायला लागलं. फसवलं गेल्यावर माणूस चिडतं तसंच ते चिडलं होतं. थोरलीला पळून जावं असं वाटत होतं, पण कोपऱ्यावरून औषधवाला बघत होता.

तेवढ्यात वखारीचा पहारेकरी पत्र्याच्या खोलीतून बाहेर आला. हा माणूस वखार सोडून कुठे जात नसे. रविवारच्या सभेलाही गेला नव्हता.

"असं नाही, बाई," तो म्हणाला. "मावशी बादली खाली ठेवायची आणि म्हणायची, 'या रे या, ताईंनी केलंय!' ते ऐकलं की यायची सगळी."

"काय म्हणायची?"

"'ताईंनी केलंय. हाडं वेचलीत ताईंनी, बिनघोर खा.' रोज हेच. मी एकदा विचारलं, कोण हो या ताई? तर म्हणाली, आहेत आमच्या घरी. त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही." त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच काय त्या?"

थोरलीला रडू आलं नाही. आधी राग आला, तो असा की कान तापले. पंधरा वर्षं कुत्र्यामांजरांना सांगत राहिली, वखारीच्या पहारेकऱ्याला सांगितलं, आणि स्वयंपाकघरात उभी राहून काय, तर "झालं का हो ताई?" एकदा तोंडावर म्हणाली असती तर जीभ झडली असती का? आणि आता हेवा करायचा तरी कशाचा? चांगुलपणातही धाकटी तिच्या पुढे निघून गेली होती, आणि जावेवर सुखाने जळायची सोयही तिने ठेवली नव्हती.

पण जनावरं उपाशी होती आणि बादली भरलेली होती. तिने स्वेटर काढून फळ्यांवर ठेवला.

"या रे," ती पुटपुटली. "ताईंनी केलंय."

कुणी हललं नाही. स्वतःचीच अशी टिमकी वाजवायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी तिने बादली खाली ठेवली, श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "या रे या! ताईंनी केलंय! हाडं वेचलीत ताईंनी, बिनघोर खा!"

काळं आधी आलं. मग फळ्यांखालून, भिंतीवरून, एका बंद पडलेल्या गाडीच्या आडून एकेक करत सगळी आली. थोरली वाडग्यांत वाढत गेली. कुणाची तरी शेपटी पोटरीवरच्या जुन्या खुणेवर आपटली. ती घामाघूम झाली, पण पळी थांबली नाही. कोपऱ्यावर औषधवाल्याने फोन कानाला लावला.

वाडगे चाटून लखलखीत झाले. तरी जनावरं जाईनात. जिभेने तोंडं पुसून ती उभी राहिली आणि थोरलीच्या मागे, ती आली होती त्या रस्त्याकडे बघू लागली. केलं मी, आणलं मी, आणि यांचे डोळे अजून तिच्यासाठीच, असं थोरलीच्या मनात आलंच. हेवा असा एका सकाळीत थोडाच जातो.

रोज या वेळी थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असायची आणि धाकटी रिकामी बादली घेऊन कधी येते, म्हणून याच रस्त्याचं दुसरं टोक बघत राहायची. एवढा उशीर कशाला लागतो हिला, असं पुटपुटायची. तेही पंधरा वर्षं.

ती वळली, आणि कुत्र्यांच्या मधोमध उभी राहून रस्त्याकडे बघू लागली.