ज्यांना झोप येत नाही

चष्मेवाल्यांना रात्री झोप येत नाही, ही गोष्ट त्यांच्या घरात सूर्य उगवण्याइतकीच पक्की होती. दुकानात नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला नंबर नंतर कळायचा, आधी मालकांच्या निद्रानाशाची कहाणी ऐकावी लागायची. "काल रात्री डोळ्याला डोळा नाही," असं ते चांगले टवटवीत डोळे चोळत सांगायचे.

या एका दुखण्यावर त्यांचा घरातला सगळा रुबाब उभा होता. पलंगाची खिडकीकडची बाजू त्यांची. दुपारची वामकुक्षी हा त्यांचा हक्क. सकाळी ते उठेपर्यंत मिक्सर लावायचा नाही, रात्री दिवा लावायचा नाही, कूस बदलायची नाही आणि पाण्यालासुद्धा शक्यतो उठायचं नाही, कारण त्यांची झोप आधीच काचेची. वाद हरायला आला की ते खोल आवाजात म्हणायचे, "तुम्ही ढाराढूर झोपता, तुम्हाला काय कळणार?" बायकोचं मात्र त्यांना कौतुक होतं. "हिचं बरं आहे. पडली की झोपली." बायको यावर हसून भाजी चिरत राहायची.

शेवटी मुलीला दया आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी ही मुलगी एके दिवशी मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा घेऊन आली.

"हा बांधून झोपायचं, बाबा. झोप किती लागली, हृदयाचे ठोके कसे पडले, सगळं मोजतो. सकाळी आपोआप घरच्या ग्रुपवर येईल."

"ग्रुपवर कशाला? तिथे तुझा मामा आहे."

"तुम्हीच आत्ता 'मान्य आहे' दाबलंत."

दाबलं होतं खरं. उभा जन्म दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावण्यात गेलेल्या या माणसाने स्वतः कधी बारीक अक्षर वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक हिरवा हसरा चंद्र उगवला. खाली लिहिलं होतं, "शाब्बास! रात्रभर गाढ झोप." त्याखाली मेव्हण्याने लिहिलं, "भाऊजी, अभिनंदन. असा निद्रानाश आम्हालाही होवो."

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. "यंत्राला काय कळतंय?" त्यांनी मुलीला फोनवर सुनावलं. "डोळे मिटून तळमळत पडलं तरी ते झोपच म्हणणार. आणि दाराला दोन दोन कुलपं लावायची आणि माणसाची झोप अशी चव्हाट्यावर मांडायची, ही कुठली रीत?"

"मग काढून टाका. पण मामा काय म्हणेल ते तुम्हीच ऐका."

काढायची सोय उरली नव्हती. त्या रात्री त्यांनी जागं राहायचा चंग बांधला. उशीला टेकून बसले, लेन्सच्या कंपन्यांची नावं आठवू लागले, आणि तिसऱ्या कंपनीपाशी घोरू लागले. सकाळी चंद्र पुन्हा हसत होता.

तिसऱ्या रात्री त्यांना युक्ती सुचली. बायको भिंतीकडे तोंड करून नेहमीसारखी निपचित पडली होती. त्यांनी अलगद पट्टा सोडला आणि तिच्या मनगटावर बांधला. म्हणजे चंद्र हसलाच, तर निदान तो यांच्या झोपेला हसणार नव्हता, आणि मग पट्टा भलत्याच हाताला होता हे सांगून यंत्र कसं फसतं हे सगळ्यांना दाखवता आलं असतं. पट्टा पहाटे परत काढून घ्यायचा होता. झोप न येणाऱ्या त्या माणसाने त्यासाठी उशीखाली गजर लावला.

सकाळी ग्रुपवर चंद्र नव्हताच. लाल पट्टी होती. "झोप जवळजवळ नाही. ठोके अनियमित. डॉक्टरांना दाखवा."

चष्मेवाले आनंदाने पलंगावरच उठून बसले. यंत्राला फसवं ठरवायचा बेत ते तत्क्षणी विसरले. मेव्हण्याने माफी मागितली. मुलगी फोनवर रडवेली झाली. पुढचे काही दिवस हाच क्रम चालला आणि रोज लाल पट्टी आली. दुकानात ते गिऱ्हाइकांना फोन दाखवत होते, "बघा, आता तर पुरावाच आहे."

मुलीने डॉक्टरांची वेळ घेतली तेव्हाही ते खुशीतच होते. डॉक्टरांकडे जायच्या सकाळी दाढी करता करता त्यांचा हात थांबला. ते ठोके कुणाचे होते, हे त्यांना इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. ती चपला घालायला वाकली आणि उठताना दाराला धरून जरा थांबली.

"तूही दाखवून घे ना," ते शक्य तितक्या सहज म्हणाले.

"मला काय धाड भरलीय? मी तर पडले की झोपते."

दवाखान्यात त्यांचा कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी कागद वर-खाली बघितला आणि म्हणाले, "हृदय एकदम ठणठणीत आहे. पट्टाच बिघडलेला दिसतोय."

"मग परत करून टाकते," मुलगी सुटकेने म्हणाली. बायकोनेही पदर सावरत पर्स उचलली.

झालं, सुटलो, असं चष्मेवाल्यांना वाटायला हरकत नव्हती. यंत्र खोटं ठरलं होतं, निद्रानाशाची अब्रू शाबूत होती, मेव्हणा गप्प होता. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. पण दार धरून थांबलेली बायको त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांना मनापासून भीती वाटली.

"पट्टा बरोबर आहे," ते म्हणाले. "तो माझ्या हातात नव्हता. रोज रात्री मी हिच्या हाताला बांधत होतो." मग जमिनीकडे बघत त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "मी झोपतो. चांगला झोपतो. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी बायकोला आत झोपायला सांगितलं. तिचा कागद ते बराच वेळ बघत होते. ठोके मधूनच अडखळत होते. गोळ्यांनी आवरेल, वेळेवर आलात, असं ते म्हणाले, तेव्हा चष्मेवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"झोप कधीपासून लागत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाली की बरीच वर्षं."

"आई, मग बोलली का नाहीस कधी?"

"घरात एकाला येत नव्हती ना झोप. आणखी दुसऱ्याचं कोण ऐकणार?"

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी पट्टा बांधायचो तेव्हा तू..."

"जागीच असायची. हलले नाही, तुमची झोपमोड होईल म्हणून."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं रात्र रात्र करायचात काय हो, काकू?"

"काय करणार? यांचं घोरणं ऐकत पडायचं," ती म्हणाली. "मधेच थांबलं की जीव घाबरायचा. मग छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे ना. रोज दोन-तीनदा तरी."

चष्मेवाल्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही जाग आली नव्हती.