तांबड्या गाईचा बिल्ला

संकटात माणूस आपले गुह्य दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवतो; ती ठेव असते. ती उघड्यावर टाकणारा प्रमादी ठरतो, आणि तीच उचलून धन्यावर शस्त्र म्हणून चालवणारा पापी. प्रमादाला प्रायश्चित्त पुरते. पापाला शासनच हवे.

चकलांब्याच्या अलीकडे, दूध सहकारी संस्थेच्या चारा छावणीत, दुष्काळातल्या त्या चैत्रात मांडव माणसांनी ओसंडत होता. पडद्याआड अंतर्ज्ञानी महाराज समाधी लावून बसत. दाराशी शिष्य बंकट भक्ताचे नाव विचारी, अंगाऱ्याचे झाकलेले ताट आत नेई, आणि घटकाभराने आतून गंभीर स्वर उमटे.

"आसाराम! ब्रह्मांडाच्या सातव्या मजल्यावरून आम्ही तुझा गोठा पाहतो आहोत. लेक ऊसतोडीला, सुनेला थंडीताप, आणि म्हशीच्या कानातला बिल्ला..." यापुढे बारा आकडे, एकही न चुकता! आसाराम धावत जाऊन म्हशीचा कान धरी, आकडे ताडून पाही आणि परत येऊन लोटांगण घाली. ब्रह्मांडाला मजले किती, हे विचारण्याचे भान कुणाला राहिले नव्हते.

संस्थेच्या सचिव रुक्मिणीबाई मात्र मांडवाच्या खांबाशी दात आवळून उभ्या होत्या. आठच दिवसांपूर्वी ह्याच स्वराने सांगितले होते, "जिच्या पाठीवर पांढरा डाग आहे, तिच्या पापाने पाणी आटले. तिचा हंडा टँकरला लागू देऊ नका." बायांनी त्यांच्या सासूचे, बायनाबाईंचे, लुगडे भररांगेत ओढून पाठ पाहिली. त्या दिवसापासून सत्तरीची ती माउली कोस-दीड कोसावरच्या विहिरीवर जाई. काल वाटेतच पडली होती.

तो डाग जगात दोघींनाच ठाऊक होता. मलम मिळावे म्हणून रुक्मिणीबाईंनीच तो छावणीच्या नोंदणीत लिहिला होता. टँकरचा चालक, गुरांचा डॉक्टर, औषधे वाटणारा, सर्वांना एकदमच कळावे या सद्हेतूने माणसे, दुखणी, जनावरांचे बिल्ले अशी सगळी यादी त्यांनीच 'छावणी मदत' या तीनशे माणसांच्या ग्रुपवर टाकली होती. बंकटही त्यातच होता.

"आत्या, घात माझ्याच हातानं झाला," त्या सासूच्या पायाला हळद लावताना म्हणाल्या.

"मग रडतीस कावून? ज्या हातानं झाला, त्याच हातानं निस्तर की!"

त्या सायंकाळी सुधारलेली यादी ग्रुपवर गेली. रुक्मिणीबाईंच्या नावापुढे एक ओळ वाढली होती : तांबडी गाय, गाभण, बिल्ला क्रमांक बारा आकडी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंकटला नाव सांगितले. ताट आत गेले.

"रुक्मिणी! तुझी तांबडी गाय गाभण आहे," पडदा बोलला. "सासूच्या दोषाने वासरू जगणार नाही. बिल्ला : शून्य, शून्य, नऊ, आठ..." बारा आकडे पुरे झाले. जयजयकार उठला.

"आकडे लिहिलेत का, अध्यक्ष?" रुक्मिणीबाईंनी गहिनीनाथांना विचारले. संस्थेचे हे अध्यक्ष महाराजांचे थोर भक्त होते.

"लिहिले की. लई मोठं सामर्थ्य हाय, बाई!"

"माझ्या दावणीला गाय न्हाई. दोन वर्षांमागंच मेली. आता पहिली दोन शून्यं सोडा, आन् उरलेल्या आकड्यांवर फोन लावा."

गहिनीनाथांनी लावला. आणि पडद्याआडून, समाधीच्या थेट मांडीवरून, लावणीची धून ठणठणीत वाजू लागली.

"गाय हंबरायली बे!" मागून गर्दीतला सिदू ओरडला.

लंगडत आलेल्या बायनाबाईंनी काठीने पडदा ओढला. महाराजांच्या मांडीवर बंकटचा फोन होता, फोनवर यादी उघडी होती, आणि रिकामे ताट बाजूला पडले होते. स्वतःचाच नंबर गाईच्या कानात बंकटलाही ओळखू आला नव्हता.

लोक धावून गेले. रुक्मिणीबाई आडव्या आल्या. "हात लावायचा न्हाई. ह्या दोघांना पोलिसांच्या हाती द्यायचं. तवर महाराजांना रांगेत उभं करा. आत्याच्या मागं, सगळ्यांच्या मागं. ज्याचा हंडा भरंल, त्याला ह्यांनी सांगायचं : मी यादी वाचत होतो."

भर उन्हात महाराजांनी ते वाक्य एकशे बारा वेळा उच्चारले. ज्या बायांनी लुगडे ओढले होते, त्यांनी ते मान खाली घालून ऐकले. प्रत्येक वेळी रुक्मिणीबाईंच्या उरातला एकेक काटा निघत गेला. तो आनंद त्यांनी लपवला नाही.

मग त्या स्वतःकडे वळल्या. "चूक माझीबी हाय. आजपासून टँकरवाल्याला फक्त घरं न् माणसं कळतील, डॉक्टरला जनावरं. दुखणं ज्याचं त्यालाच, न् औषध देणाऱ्याला. आन् कुणी तुमचंच तुम्हाला सांगितलं, तर पाया पडू नका. त्याला कुठून कळलं, एवढं इचारा."

वाचकहो, इतका एक प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाही.

शेवटचा हंडा भरला, तेव्हा महाराजांचा घसा बसला होता. बायनाबाईंनी तांब्या बुडवून त्यांच्यापुढे धरला. सून काही बोलणार, तोच त्यांनी हाताने थांबवले आणि मान खाली घातलेल्या त्या बायांकडे पाहिले.

"पाणी कुणाला न्हाई म्हणू नये, बाई. सगळ्यांचे हंडे भरलेले राहोत. ह्याचाबी."